बी.एड. झालंय, तरी पुन्हा पहिलीपासून?

प्रश्न: वाचक भगिनी ३८ वर्षांच्या आहेत. रसायनशास्त्रात बी.एस्सी., त्यावर बी.एड. सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सात वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं. गेली चार वर्षं कॅलिफोर्नियात, सांता क्लारा कौंटीत राहतात. एच-४ व्हिसा (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा) आहे, गेल्या वर्षी कामाचा परवाना म्हणजे ईएडी मिळाला. मुलगी सहावीत, धाकटा किंडरगार्टनमध्ये. धाकट्याच्या वर्गात त्या आठवड्यातून एकदा मदतीला जातात. तिथल्या शिक्षिकेनंच सुचवलं की, वर्गसहाय्यकाच्या जागेसाठी अर्ज करा. पण मैत्रिणी सांगतात, इथल्या पदवीशिवाय काही खरं नाही. आधी कम्युनिटी कॉलेज, मग विद्यापीठ, अशी चार वर्षं काढावी लागतील. यजमानांचं म्हणणं, शिकायचंच तर सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर. बहीण फोनवर म्हणाली, ‘दहावीच्या बाई होतीस, आता दुसऱ्या बाईंच्या हाताखाली मुलांची नाकं पुसणार का?’ इंग्रजी बोलताना अजून अडखळायला होतं. त्या विचारतात: कम्युनिटी कॉलेजला नाव घालू का? आणि घातलं तर शेवटी मी शिक्षिका होईन का?

उत्तर:

कॉलेजला नाव जरूर घाला, पण कशासाठी घालताय हे ठरवून घाला. कॅलिफोर्नियातलं कम्युनिटी कॉलेज तुम्हाला सरकारी शाळेतली शिक्षिका करत नाही. ते दोन वर्षांची असोसिएट पदवी देतं, पूर्वप्राथमिकसाठी लागणारे अभ्यासक्रम देतं. सरकारी शाळेत वर्ग हाती घ्यायला जे क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, लागतं, ते राज्याचं कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंग देतं आणि त्यासाठी आधी चार वर्षांची पदवी धरलेली असते. मैत्रिणींचा सल्ला बारावीनंतर थांबलेल्या मुलीसाठी अगदी बरोबर आहे. तुमच्याकडे पदवी आहे, शिक्षणशास्त्राची पदवी आहे आणि सात वर्षांचा अनुभव आहे. हे सगळं शून्य धरून तुम्ही हिशेब मांडलाय, आणि तिथेच तो चुकतो.

म्हणून पहिलं काम प्रवेशाचं नाही, कागदांचं आहे. तुमच्या बी.एस्सी. आणि बी.एड.चं इथल्या मापात मूल्यांकन करून घ्या. यात लोक तीन ठिकाणी चुकतात. पहिली चूक, कुठल्याही संस्थेकडून अहवाल आणतात. कमिशन फक्त स्वतःच्या यादीतल्या संस्थांचे अहवाल मानतं. ती यादी कमिशनच्या संकेतस्थळावर आहे. ग्रीन कार्डच्या कामासाठी वकिलाने करून घेतलेला अहवाल बहुतेक वेळा इथे चालत नाही. दुसरी चूक, स्वस्त पडतो म्हणून फक्त ‘ही पदवी अमुक पदवीच्या बरोबरीची’ एवढं सांगणारा अहवाल घेतात. तुम्हाला विषयवार अहवाल हवा, म्हणजे प्रत्येक पेपर, त्याची युनिट्स (अभ्यासाचा भार मोजायचं इथलं माप) आणि ग्रेड. तिसरी चूक सर्वांत महाग पडते: बी.एस्सी.चीच कागदपत्रं पाठवतात आणि बी.एड. ‘नंतर बघू’ म्हणून मागे ठेवतात. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची. काही संस्था तेवढ्याच कागदांवर तिला अमेरिकन पदवीच्या बरोबरीची मानतात, काही ‘तीन वर्षांचं महाविद्यालयीन शिक्षण’ एवढंच लिहून मोकळ्या होतात. तुमच्या वेळचं बी.एड. एका वर्षाचं असणार (दोन वर्षांचं २०१५ पासून झालं). तीन अधिक एक असे दोन्ही कागद एकत्र गेले की चार वर्षांचं शिक्षण कागदावर दिसतं आणि अहवाल तुमच्या बाजूने येण्याची शक्यता बरीच वाढते. पैसे भरण्याआधी संस्थेला ईमेल करून विचारा की, तीन वर्षांची पदवी आणि एक वर्षाचं बी.एड. तुम्ही कसं धरता.

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांची अधिकृत नोंद, विद्यापीठाकडून सीलबंद लिफाफ्यात किंवा थेट संस्थेला ऑनलाइन जावं लागतं. घरी आलेला लिफाफा उत्सुकतेने उघडला की तो बाद. मार्कशीटवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत जोडा. बरेच अर्ज अशा नावांच्या घोळात अडकून बसतात. आणि तुमच्या बी.एड. कॉलेजच्या प्राचार्यांकडून इंग्रजीत एक पत्र मागवा: अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यात सराव पाठ आणि छात्रसेवाकाल होता, किती आठवडे होता, कोणत्या इयत्तांना आणि कोणत्या विषयाचे पाठ घेतले. सातारच्या शाळेकडूनही अनुभवाचं पत्र घ्या: तारखा, विषय, इयत्ता, पूर्णवेळ. या कामाला भावाला किंवा एखाद्या जुन्या सहकाऱ्याला प्रत्यक्ष खेपा घालाव्या लागतील. आजच सांगून ठेवा, कारण साऱ्या मार्गात सर्वांत जास्त वेळ हेच खातं.

सराव पाठांच्या पत्रावर एवढा जोर देण्याचं कारण आहे. परदेशात शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी कॅलिफोर्नियात स्वतंत्र मार्ग आहे. तुमचं प्रशिक्षण इथल्या तोडीचं आहे, त्यात प्रत्यक्ष वर्गातला सराव होता आणि ज्या देशात ते केलं तिथे शिकवायला तुम्ही पात्र आहात, असं कागदोपत्री सिद्ध झालं तर पाच वर्षांच्या प्रिलिमिनरी, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, क्रेडेन्शियलसाठी थेट अर्ज करता येतो. उरलेल्या अटी त्या मुदतीत पूर्ण करायच्या असतात. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्याचं सिंगल सब्जेक्ट क्रेडेन्शियल तुमच्या शिक्षणाला अगदी जुळतं. ते मिळेलच असं अहवाल येण्याआधी कोणी सांगू नये, आणि कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण ज्या बाईने सात वर्षं आठवी ते दहावीला विज्ञान शिकवलं, तिने या मार्गाची चौकशी न करताच बालविकासाच्या पहिल्या कोर्सला नाव घालावं, हे मला पटत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही पत्रात गृहीत धरली आहे: वर्गात परत जायचं म्हणजे धाकट्याच्या वर्गासारख्याच वर्गात. ती संधी समोर आली म्हणून तिकडे मन गेलं, हे स्वाभाविक आहे. पण चार-पाच वर्षांच्या मुलांबरोबर दिवसभर राहणं आणि चौदा वर्षांच्या मुलांना अणूची रचना समजावणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींत आनंद आहे, पण तो एकाच माणसाला दोन्हीकडे मिळेल असं नाही. हे घरी बसून ठरत नाही. त्यासाठी बदली शिक्षकाचा परवाना आहे. पदवी असली (तुमच्या बाबतीत मूल्यांकन झालेली) की कमिशनकडून तीस दिवसांच्या बदली शिकवण्याचं पर्मिट मिळतं. जून २०२४ पासून पदवीधरांना त्यासाठी सीबेस्ट ही वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही, त्यामुळे जुन्या ब्लॉगांवरची माहिती वाचून घाबरू नका. नावातले तीस दिवस ही मर्यादा एकाच शिक्षकाच्या जागी काम करण्याची आहे. पर्मिट वर्षभर चालतं आणि पुन्हा काढता येतं. कोणत्या दिवशी जायचं, कोणत्या शाळेत जायचं, हे तुम्ही ठरवता. महिनाभर एकदा मिडल स्कूलच्या विज्ञानाला, एकदा दुसरीच्या वर्गाला, एकदा विशेष शिक्षणाच्या वर्गाला जाऊन आलात की, कॉलेजच्या समुपदेशकाला जे सांगता येणार नाही ते तुमचं तुम्हाला कळेल.

वर्गसहाय्यकाच्या नोकरीबद्दल. इथे तिला पॅराएज्युकेटर किंवा इन्स्ट्रक्शनल असिस्टंट म्हणतात. ज्या शाळांना केंद्राचा टायटल वन निधी मिळतो, तिथे सहाय्यकाकडे बारावीच्या वर यापैकी एक काहीतरी असावं लागतं: कॉलेजची दोन वर्षं (कॅलिफोर्नियात ४८ सेमिस्टर युनिट्स), असोसिएट पदवी, किंवा वाचन-लेखन-गणिताची परीक्षा. तुमची मूल्यांकन झालेली पदवी पहिली अट सहज पार करते. म्हणजे या नोकरीसाठी तुम्हाला कॉलेजात एकही दिवस बसावं लागत नाही. जाहिराती एडजॉइन या संकेतस्थळावर असतात. तिथे ‘क्लासिफाइड’ हा विभाग उघडा. ‘सर्टिफिकेटेड’ विभागात शिक्षकांच्या जागा असतात. वर्षभर जागा निघत राहतात, पण ऑगस्ट-सप्टेंबरात आणि जानेवारीत जास्त.

जाहिरातीत तीन गोष्टी बघा. तास किती? साडेतीन तासांची जागा आणि सहा तासांची जागा यांत आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. महिने किती? बहुतेक जागा दहा महिन्यांच्या, उन्हाळ्यात पगार नाही. आणि वर्ग कोणता? सर्वाधिक जागा विशेष शिक्षणाच्या असतात. तिथे काम म्हणजे एखाद्या मुलाला उचलून खुर्चीत बसवणं, डायपर बदलणं, मूल अंगावर धावून आलं तर शांतपणे बाजूला होणं. ज्यांना ते जमतं ते लोक फार मोठं काम करतात. पण मुलाखतीत ‘वर्ग बघायला मिळेल का?’ असं न विचारता होकार देऊन तीन आठवड्यांत सोडून जाणारेही खूप असतात, आणि त्याचा त्रास त्या मुलांना होतो.

तुमच्या धाकट्याच्या शाळेत जागा निघण्यामागे बहुधा ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग, आहे. २०२५-२६ पासून कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक चार वर्षांच्या मुलाला हा वर्ग खुला झाला आणि त्यात दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं, असा नियम आला. चोवीस मुलांच्या वर्गात बाई एकच असेल तर सहाय्यक लागणारच. या वर्गाच्या शिक्षिकेला प्राथमिकचं क्रेडेन्शियल तर लागतंच, शिवाय बालविकासाची २४ युनिट्स, किंवा चाइल्ड डेव्हलपमेंट टीचर पर्मिट, किंवा डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) मान्य असा तेवढा अनुभव लागतो. लहान मुलांमध्येच तुमचं मन रमलं, तर कम्युनिटी कॉलेजचा खरा उपयोग इथे आहे.

ती २४ युनिट्स भरण्याचा एक रुळलेला मार्ग आहे. राज्यातल्या बहुतेक कम्युनिटी कॉलेजांनी आठ कोर्सचा समान संच स्वीकारला आहे: बालकाची वाढ आणि विकास; मूल, कुटुंब आणि समाज; अभ्यासक्रमाची ओळख; लहान मुलांना शिकवण्याची तत्त्वं; निरीक्षण आणि मूल्यमापन; आरोग्य, सुरक्षितता आणि पोषण; विविधतेच्या समाजात शिकवणं; आणि शेवटी प्रत्यक्ष वर्गातलं प्रॅक्टिकम. प्रत्येकी तीन युनिट्स. हाच संच असल्याने एका कॉलेजात चार आणि दुसऱ्यात चार केले तरी चालतात. प्रत्येक कोर्सला किमान सी ग्रेड हवी, आणि ‘पास/नो पास’ निवडण्याआधी समुपदेशकाला विचारा.

सांता क्लारा कौंटीत राहता म्हणून एक सापळा आवर्जून सांगते. डी आन्झा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची, म्हणजे लहान सत्रांची आहेत. मिशन आणि वेस्ट व्हॅली सेमिस्टरची, म्हणजे लांब सत्रांची, शेजारच्या फ्रीमाँटचं ओलोनीही. दोन सेमिस्टर युनिट्स म्हणजे तीन क्वार्टर युनिट्स. २४ सेमिस्टर युनिट्ससाठी डी आन्झात ३६ पूर्ण करावी लागतात. ‘चोवीस झाली’ म्हणून थांबलेल्यांना अर्जाच्या वेळी कळतं की, त्यांची सोळाच भरतात. फीचा आकडाही म्हणूनच वेगळा दिसतो: राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, क्वार्टर युनिटला ३१. संपूर्ण संच कुठेही केला तरी साधारण ११०० डॉलर आणि वरची किरकोळ फी. पुस्तकांचा खर्च वाचवायचा तर वेळापत्रकात ‘झिरो टेक्स्टबुक कॉस्ट’ अशी खूण असलेले वर्ग निवडा.

ही फी रहिवाशाची, आणि एच-४ वर असूनही तुम्ही रहिवासी ठरू शकता. अट एवढीच की, सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस कॅलिफोर्नियात वास्तव्य असावं आणि इथेच राहण्याचा इरादा दाखवणारे कागद असावेत: वाहन परवाना, राज्याचं आयकर विवरण, बँक खातं, घरभाड्याचा करार. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर सगळं असेल तर इथे अडतं. निदान दोन-तीन कागदांवर तुमचं नाव असू द्या. ऑनलाइन अर्जात व्हिसाचा प्रकार भरताना एच-४ निवडा. चुकून विद्यार्थी व्हिसावर टिचकी मारली की कॉलेज तुम्हाला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी समजून टोफेल ही इंग्रजीची परीक्षा मागू लागतं आणि फी कैकपट होते. केंद्राची शैक्षणिक मदत एच-४ ला मिळत नाही. ग्रीन कार्ड झाल्यावर मिळते.

अभ्यासाचा भार कमी समजू नका. एका युनिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास घरचा अभ्यास, असा हिशेब असतो. तीन युनिट्सचा एक कोर्स म्हणजे आठवड्याचे नऊ तास. दोन मुलं आणि घर सांभाळून पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या, दुसऱ्यात दोन. पहिला कोणता? बालकाची वाढ आणि विकास. तो पुढच्या अनेक कोर्सची पूर्वअट असतो, त्यामुळे तो मागे पडला की बाकीचे अडतात.

आपल्याकडे शिकलेल्या शिक्षिकांना इथे दोन गोष्टी जड जातात. पहिली निरीक्षणाची नोंद. ‘मुलगा आईच्या आठवणीने रडला’ असं लिहिलं की गुण जातात, कारण आईची आठवण तुम्हाला दिसलेली नाही. ‘नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याने ठोकळा जमिनीवर टाकला, दारापाशी गेला, खिडकीतून बाहेर बघत दोन मिनिटं रडला’ असं लिहायचं. पाहिलेलं एका रकान्यात, त्याचा अर्थ दुसऱ्या रकान्यात. ही सवय लागली की वर्गात मुलं तुम्हाला निराळीच दिसू लागतात. दुसरी गोष्ट संदर्भ देण्याची. गाइडमधला परिच्छेद शब्दशः उतरवणं आपल्या परीक्षांत खपून जातं, इथे ते साहित्यचौर्य ठरतं आणि कोर्समध्ये नापास करण्यापर्यंत गोष्ट जाते. प्रत्येक कॉलेजात मोफत लेखन-मदत केंद्र असतं. पहिला निबंध देण्याआधी तिथे जाऊन या.

इंग्रजीचं म्हणाल, तर उच्चारांची काळजी सोडा. त्या कौंटीत निम्मा वर्ग घरी दुसरी भाषा बोलतो आणि अडखळत इंग्रजी शिकणाऱ्या मुलाचा चेहरा तुमच्याइतका लवकर कोण वाचणार? सराव करायचा तर वर्गातल्या वाक्यांचा करा. मुलाला ‘पळू नको’ म्हणण्याऐवजी ‘चालत जायचं’ असं सांगायचं असतं, ‘शहाणी मुलगी’ म्हणण्याऐवजी तिने नेमकं काय केलं ते बोलून दाखवायचं असतं. अशी पंचवीस-तीस वाक्यं तुमच्या मुलाच्या बाईंच्या तोंडून ऐकून टिपून घ्या.

पर्मिटची शिडी थोडक्यात. चाइल्ड डेव्हलपमेंटच्या सहा युनिट्सवर असिस्टंट पर्मिट. बारा युनिट्स आणि दोन वर्षांत रोज तीन तासांहून कमी नाही असं ५० दिवसांचं काम, यावर असोसिएट टीचर. २४ युनिट्स, १६ सामान्य शिक्षणाची युनिट्स आणि चार वर्षांत १७५ दिवस, यावर टीचर पर्मिट. सामान्य शिक्षणाची युनिट्स तुमच्या बी.एस्सी.तूनच निघण्याची शक्यता आहे. ही पर्मिटं राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या बालवाड्यांत लागतात. खासगी परवानाधारक बालवाडीत किंवा माँटेसरीत बारा युनिट्स आणि सहा महिन्यांचा अनुभव असला की पूर्ण शिक्षिका धरतात, आणि सहा युनिट्सवर सुरुवात करून पुढची शिकत राहता येतं. भारतात केलेला सहा महिन्यांचा माँटेसरी डिप्लोमा मात्र मान्यताप्राप्त महाविद्यालयाची युनिट्स नसतील तर यात मोजत नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेतलं शिकवणंही या दिवसांत धरलं जात नाही. बायोडेटात ते जरूर लिहा, मुलाखत घेणाऱ्याला त्यातून खूप कळतं.

नोकरी असो की प्रॅक्टिकम, आधी आरोग्याचे आणि बोटांच्या ठशांचे कागद लागतात. क्षयरोगाच्या प्रश्नावलीत जन्मदेश भारत लिहिला की चाचणी करावीच लागते. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, तिच्यामुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, पुन्हा भेट असं चक्र सुरू होतं. डॉक्टरांकडे थेट रक्ताची चाचणी मागा. गोवराच्या लसीची नोंद सापडत नसेल तर रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून घेता येते. ठसे लाइव्ह स्कॅन या डिजिटल पद्धतीने घेतात. फॉर्म ज्या डिस्ट्रिक्टचा, त्यालाच निकाल जातो. दुसऱ्या डिस्ट्रिक्टसाठी पुन्हा द्यावे लागतात. म्हणून फॉर्म हातात पडल्याशिवाय पैसे भरून ठसे देऊ नका. आणि एक जबाबदारी अगदी पहिल्या दिवसापासून तुमच्यावर येते: मुलावर अत्याचार होत असल्याचा रास्त संशय आला तर ताबडतोब फोनने आणि ३६ तासांत लेखी कळवायचं. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे झालं, असं कायदा मानत नाही. ‘घरची गोष्ट आहे, आपण कशाला मध्ये पडा’ ही आपली सवय इथे बाजूला ठेवावी लागेल.

ईएडीकडे नीट लक्ष द्या. तुमचा परवाना यजमानांच्या एच-१बीवर उभा आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर त्या दिवसापासून काम थांबवावं लागतं. मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, तो पहिल्याच आठवड्यात करा. ज्या वाचकांकडे ईएडी नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: एच-४ वर कॉलेजात शिकायला कसलीही आडकाठी नाही, मुलाच्या वर्गात पालक म्हणून मदत करायलाही नाही. पण ज्या कामासाठी शाळा एरवी पगार देते ते काम ‘फुकट करते’ म्हणून करणं धोक्याचं आहे. प्रॅक्टिकमला बसण्याआधी वकिलाला विचारा.

कॅलिफोर्नियाबाहेरच्या मैत्रिणींसाठी: नियम राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये सहाय्यकाच्या प्रमाणपत्राचे तीन स्तर आहेत. दुसऱ्याला १५ आणि तिसऱ्याला ३० सेमिस्टर तास लागतात. न्यूयॉर्कमध्ये टीचिंग असिस्टंटला राज्याची स्वतंत्र परीक्षा आहे. अनेक राज्यांत पॅराप्रो ही परीक्षा चालते: ९० प्रश्न, अडीच तास, वाचन-लेखन-गणित, उत्तीर्णतेचा आकडा राज्य ठरवतं. आणि वॉशिंग्टन व फ्लोरिडात काही कम्युनिटी कॉलेजं स्वतःच शिक्षकाची चार वर्षांची पदवी देतात, म्हणजे तिथे तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं वेगळ्या अर्थाने खरं ठरतं.

यजमानांच्या सूचनेमागे पैशाची काळजी असावी, आणि ती खोटी नाही. सहाय्यकाचा पगार थोडा असतो. त्यांच्यासमोर ‘मला शिकवायला आवडतं’ एवढंच ठेवू नका. क्रेडेन्शियल मिळालेल्या शिक्षिकेची वेतनश्रेणी ठेवा. प्रत्येक डिस्ट्रिक्ट ती जाहीर करतं, वर्षांच्या आणि युनिट्सच्या रकान्यांनिशी. भारतातली सात वर्षं त्यात धरतात का, हे डिस्ट्रिक्टच्या मनुष्यबळ विभागाला विचारून घ्या. काही डिस्ट्रिक्ट धरतात, आणि तेव्हा सुरुवातच वरच्या पायरीवरून होते.

बहिणीच्या बोलण्याने तुम्ही दुखावलात, हे पत्रातून कळतं. सहाय्यकाचं काम हलकं नाही. चार मुलांचा गट घेऊन त्यातल्या मागे पडलेल्याला वाचतं करणं हे शिक्षकाचंच काम आहे. पण ती नोकरी आपोआप वर नेत नाही, हेही तितकंच खरं; दहा वर्षं त्याच जागेवर राहिलेले कितीतरी गुणी लोक आहेत. म्हणून ती घेतली तर मुलाखतीतच विचारा की, या डिस्ट्रिक्टला क्लासिफाइड कर्मचाऱ्यांना शिक्षक करण्याचं राज्याचं अनुदान आहे का. असं अनुदान घेणारे डिस्ट्रिक्ट फी आणि पुस्तकांचा भार उचलतात. नसेल तर इंटर्न किंवा रेसिडेन्सी (अनुभवी शिक्षकाच्या वर्गात राहून शिकण्याचा) कार्यक्रम कोणत्या विद्यापीठाबरोबर आहे ते विचारा. इंटर्नला शिकता शिकता शिक्षकाचा पगार मिळतो, पण त्यासाठी पदवी, विषयाची पात्रता, अमेरिकन संविधानाचा कोर्स किंवा परीक्षा आणि १२० तासांची पूर्वतयारी लागते. संविधानाचा तो एक कोर्स कम्युनिटी कॉलेजात सहज होतो. अहवाल येईपर्यंत तुम्हाला रिकामं बसवत नसेल, तर या सत्रात तोच घ्या: लहान मुलं निवडा की दहावी, दोन्हीकडे तो कामाला येतो.